मुखपृष्ठांचा तो लेख माझा होता, काका

काका,

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. गेल्या आठवड्यात सुमनकाकूंचा फोन आला. मंडळाच्या त्रैमासिकाच्या संपादक त्याच, त्यामुळे स्वतःच्या नवऱ्यावरचे लेख गोळा करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलंय. "अनघा, ह्यांच्यावर तू लिही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे ह्यांच्या डॉक्टरकीबद्दल लिहितायत. पुस्तकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, हे लपवत नाही. दोन वर्षं मी हे बोलायची संधी शोधत होते. तुम्ही हयात असताना ती मिळाली असती तर जास्त आवडलं असतं, कारण तुमचा चेहरा बघायला मिळाला असता.

पण आधी जे तुमचं देणं लागते, ते सांगते. नाहीतर लोक म्हणतील, बाई कृतघ्न आहे.

मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आले ती नवऱ्याच्या, मंदारच्या मागे, डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात पाच वर्षं मी पुस्तकांची मुखपृष्ठं करत होते. इथे मला नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाता येईल असं एक ड्रायक्लीनरचं दुकान होतं. मंदार सकाळी रिसर्च पार्कला गेला की मी खिडकीत उभी राहून पार्किंग लॉटमधल्या गाड्या मोजायचे. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीचा बॅनर कोणीतरी मला करायला सांगितला. शाळेच्या कॅफेटेरियात तो लावला होता. सगळे त्याच्यासमोर फोटो काढत होते. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेलात आणि विचारलंत, "हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

"उत्तम आहे. पण या 'ण'ला श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीस."

काका, ते खरं होतं. बॅनर छापून आल्यापासून मला ते खुपत होतं. अमेरिकेत येऊन एक वर्ष झालं होतं आणि पहिल्यांदा कोणाला तरी कळलं होतं की मी अक्षरं नुसती लिहीत नाही, मांडते. मी तिथेच रडेन की काय असं मला वाटलं.

पुढच्या मंगळवारी काकू मला घ्यायला आल्या. तुमच्या घरी गॅरेजच्या वरच्या खोलीत भिंतभर ब्रिटिश पेपरबॅक होती. साठच्या दशकात तुम्ही इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, होतात, तिथपासून जमवलेली. अमेरिकेत येताना कपडे टाकून दिलेत आणि पुस्तकं आणलीत, हे काकूंनी त्या दिवशी तीनदा सांगितलं. तुम्ही ती रंगाप्रमाणे लावली होती. नारिंगी म्हणजे कादंबऱ्या, हिरवी म्हणजे रहस्यकथा, गडद निळी म्हणजे चरित्रं. वर एक रंगीत पट्टा, खाली एक, मध्ये पांढरी जागा आणि त्यात साध्या काळ्या अक्षरांत नाव. तुम्ही एक हिरवं पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि त्याची गोष्ट सांगितलीत.

त्या गावातला तुमचा पहिला रविवार. हॉस्पिटलच्या क्वार्टर्सला अजून आठवडा होता. खोली भाड्याने देणे आहे अशा पाट्या असलेल्या तीन घरांची दारं तुम्ही वाजवलीत. तिन्ही ठिकाणी तुमचा चेहरा बघून दार लागलं. मग तुम्ही स्टेशनवर गेलात, कारण बसायला बाक तिथेच होता. तिथल्या स्टॉलवरून हे हिरवं पुस्तक घेतलंत. स्टॉलवाल्याने ते कागदात गुंडाळून दिलं आणि म्हणाला, "थँक यू, सर."

"त्या गावात मला सर म्हणणारा तो पहिला माणूस," तुम्ही म्हणालात. "म्हणून पुस्तकं."

मी तेव्हा ते पुस्तक नुसतं उलटून बघितलं. आता बोलते. तोंडावर दार लागलं की कसं वाटतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरीही तुम्ही ते केलंत.

आपलं पहिलं भांडण त्याच महिन्यात झालं. मी म्हटलं, काका, रंगाप्रमाणे लावली तर ही नुसती सुंदर भिंत आहे. सालाप्रमाणे लावा, म्हणजे काहीतरी दिसेल. तुम्ही चिडलात. चाळीस वर्षं ती तशी होती. मी दोन मंगळवार गप्प बसले आणि तिसऱ्या मंगळवारी तुम्ही डेंटिस्टकडे गेला असताना सगळी खाली काढली. तुम्ही परत आलात तेव्हा जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही दारातच ओरडलात, "सुमन, या मुलीने माझं घर उसवलं!" काकू खालून म्हणाल्या, "बरं झालं. निदान धूळ तरी निघेल."

पण मग तुम्ही बघितलंत. सुरुवातीचे आडवे पट्टे. युद्धाच्या काळात कागदाची टंचाई झाली तेव्हाची बारीक, पिवळी पडलेली पुस्तकं, समास आकसलेले, अक्षरं दाटीवाटीने बसलेली. त्यानंतर पट्टे उभे होतात आणि मधल्या पांढऱ्या जागेत एक छोटं रेखाचित्र बिचकत येऊन बसतं. साठच्या आसपास वरच्या तिसऱ्या भागात काही बारीक रेघा, त्यांच्यात शीर्षक आणि नाव, आणि खालची सगळी जागा चित्राला दिलेली. पुढे चित्र त्या रेघाही पुसून टाकतं. सत्तरच्या दशकात फोटो येतात, सिनेमातले चेहरे येतात. शेवटी फुगीर सोनेरी अक्षरं, बोट फिरवलं तर आंधळ्यालाही वाचता येतील अशी.

तुम्ही जमिनीवर बसलात आणि बराच वेळ उठला नाहीत. "अगं," तुम्ही म्हणालात, "हे माझ्याकडे इतकी वर्षं होतं आणि मला दिसलं नाही."

हे तुमचं वाक्य आहे. तुमच्या तोंडून आलेलं. तुम्ही नंतर विसरलात, म्हणून छापून ठेवते.

तीन वर्षं आपण त्यावर भांडलो. तुमचं म्हणणं, पुस्तकाला शाळेसारखा गणवेश असावा, चित्र आलं की पुस्तक बाजारात जाऊन उभं राहतं. माझं म्हणणं, गणवेश ज्याला शोभतो त्यालाच तो आवडतो, चित्राने पुस्तकाला स्वतःचा चेहरा दिला. "तू कमर्शियल आर्टवाली, तू असंच म्हणणार." "आणि तुम्ही डॉक्टर, तुम्हाला सगळे पेशंट एकाच गाउनमध्ये हवेत." काकू खालून भजी पाठवायच्या आणि वर येऊन बसायच्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना कंटाळा येत असेल.

त्याच काळात तुम्ही मला गाडी शिकवलीत. देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, तुमच्या जुन्या सेडानमध्ये, रोज सकाळी तासभर. मंदार दोन दिवसांत वैतागला होता. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. मी लायसन्सच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाले तेव्हा म्हणालात, "मी एफआरसीएसला तीनदा नापास झालो होतो, त्यामानाने तुझं बरं चाललंय." आज मी या गावात कुठेही एकटी जाते ती तुमच्यामुळे. हे मी कोणाहीसमोर सांगेन. त्याने पुढचं काही कमी होत नाही.

पुढचं असं. काउंटीच्या ग्रंथालयातल्या डॉनाने तुम्हाला विचारलं, पुस्तकांचं प्रदर्शन भरवता का? काचेच्या सहा पेट्या, आणि सोबत एक छोटी पुस्तिका. तुम्ही मला म्हणालात, "लेख तू लिही. तुझ्याइतकं हे कोणी बघितलेलं नाही." मी चार महिने लिहिलं. आधी मराठीत वहीत, मग इंग्रजीत. प्रत्येक मुखपृष्ठावरच्या लेखकाच्या नावाची उंची मी फुटपट्टीने मोजली. सुरुवातीला नाव शीर्षकाच्या बरोबरीचं, शेजारी उभं राहिल्यासारखं. शेवटच्या पेटीत शीर्षक नावाखाली चिरडलेलं. आणि मागच्या पानावर मला जे सापडलं, तो माझ्या लेखाचा जीव होता. सुरुवातीच्या मुखपृष्ठांवर ती कोणी केली याचा कुठेच पत्ता नाही. मग केव्हातरी मलपृष्ठावर, एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत मुखपृष्ठकाराचं नाव यायला लागतं. मी लिहिलं होतं: पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाने आधी या माणसाचं काम पाहिलेलं असतं आणि नाव मात्र कधीच नाही.

तुम्ही तो लेख वाचलात. चार स्वल्पविराम हलवलेत आणि एका ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग ब्रिटिश केलंत. "फर्स्ट क्लास," म्हणालात. पुस्तिका छापायला तुम्हीच दिलीत.

उद्घाटनाच्या दिवशी मी चंदेरी काठाची साडी नेसून आले होते. मंदारने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. दारातच टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा होता. वर तुमचं नाव, पुढे सगळ्या डिग्र्या. मी पहिल्यांदा समजले की संग्राहक म्हणून घातलंय. उघडून बघितलं. लेखाखालीही तुमचंच नाव. शेवटच्या पानावर आभार. डॉनाचे, काकूंचे, आणि त्याखाली: अनघा हिचे, धूळ पुसण्यात आणि टायपिंगमध्ये केलेल्या हसतमुख मदतीबद्दल.

मंदार माझ्या खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "चूक झाली असेल यार, प्रिंटरची." प्रिंटरला माझं हसतमुख कुठून माहीत असणार?

मग तुम्ही माइकसमोर उभे राहिलात आणि माझी वाक्यं म्हणालात. एकेक करून. लोक माना डोलवत होते. मलपृष्ठावरच्या मुंगीएवढ्या नावांचं वाक्य आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. माझ्या हातात चीजच्या तुकड्यांची बशी होती, कारण कोणीतरी म्हणालं होतं, जरा फिरवतेस का.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं. तुमचं उत्तर तयार होतं. "अगं, तुला या व्हिसावर काम करता येत नाही. नाव छापलं असतं तर उद्या तुलाच प्रॉब्लेम. मी तुझा विचार केला." मला क्षणभर ते पटलंसुद्धा. इतकी मी भित्री होते. मंदारने त्याच्या कंपनीच्या वकिलाला विचारलं. वकील हसला म्हणे. फुकट वाटायच्या पुस्तिकेत, एक पैसा न घेता, लेखाखाली नाव घालायला कोणाची हरकत असणार? मी ते घेऊन परत तुमच्याकडे आले. तेव्हा तुम्ही खरं बोललात.

"हे बघ, पुस्तकं माझी. ती गावं माझी, तो बाक माझा, ती चाळीस वर्षं माझी. तू फक्त ती क्रमाने लावलीस."

फक्त.

मी जिना उतरून खाली आले. काकू स्वयंपाकघरात होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी जाते म्हटलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी तुमच्याशी काय केलं, तेही आता लिहिते. इंग्लंडमधल्या संग्राहकांच्या एका मासिकाला ती पुस्तिका मिळाली. त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं, याच विषयावर मोठा लेख द्या, आणि खाली बारा प्रश्न. अमुक साली रेघा तीनच्या चार का झाल्या, अमुक मालिकेत अक्षराचा साचा कधी बदलला. तुम्हाला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तुम्ही मला फोन केलात. मी उचलला नाही. असे सहा फोन. मग काकूंना पाठवलंत. त्या दारात उभ्या होत्या, हातात लाडवांचा डबा. "ह्यांना जरा मदत हवी होती गं."

"काकू, त्यांना सांगा, सध्या मला धूळ पुसायला वेळ नाही."

काकूंनी डबा माझ्या हातात दिला आणि गेल्या. मासिकाने तुमचा नाद सोडला आणि दुसऱ्याच कोणाचा तरी लेख छापला. मला ते कळलं त्या दिवशी मी मंदारला बाहेर जेवायला घेऊन गेले. स्वतः ड्राइव्ह करून.

मला वाटलं होतं तेवढ्याने भागेल. नाही भागलं. मंडळाच्या पिकनिकला लोक तुम्हाला "काका, तुमचं ते मुखपृष्ठांचं" म्हणून विचारायचे आणि तुम्ही माझ्यापासून दहा फुटांवर उभं राहून सांगायचात. जवळच्या रॅले शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादं नारिंगी पाठीचं पुस्तक दिसलं की माझा हात आपोआप फोनकडे जायचा, तुम्हाला सांगायला. मग आठवायचं. तुम्ही माझा लेख घेतलात त्याहून मला याचा जास्त राग आहे. ज्याच्याशी हे बोलता येईल असा या अख्ख्या खंडात एकच माणूस होता, आणि तोच तुम्ही घेऊन गेलात.

गेल्या वर्षी तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. मंडळातले सगळे भेटून आले. मीही आले. फुलं आणली नव्हती. पर्समध्ये पुस्तिका होती आणि एक पेन. काकू खाली औषधं घ्यायला गेल्या तेव्हा मी ती पुस्तिका तुमच्या मांडीवर ठेवली, लेखाचं शेवटचं पान उघडून, आणि पेनचं टोपण काढून तुमच्या डाव्या हातात दिलं.

"बोलता येत नाही ना, काका. लिहा. हे कोणी लिहिलं ते लिहा. एक शब्द. वेडावाकडा चालेल."

आजारी माणसाशी असं वागतात का? नाही वागत. मला माहीत होतं. तरी मी वागले, आणि आज परत वेळ आली तर परत वागेन. तुम्हाला सगळं कळत होतं. डावा हात चालत होता, त्याच हाताने तुम्ही मघाशी पाण्याचा ग्लास उचलला होतात. तुम्ही त्या पानाकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग पेन पांघरुणावर ठेवलंत, टोपण शोधलंत, एका हाताने धडपडत ते लावलंत, आणि पेन मला परत दिलंत.

आपली शेवटची भेट ती.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलांनी ठरवलं, सगळी पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची, तुमच्या नावाची पाटी लावायची, पुस्तिका पुन्हा छापायची. ते कळल्यावर मी डॉनाला भेटायला गेले. मराठी वही नेली, मोजमापांचे कागद नेले, तुम्ही स्वल्पविराम हलवलेली प्रत नेली. तिला मराठी येत नाही, पण वहीतल्या तक्त्यांतले आकडे तिला वाचता आले. दोन्ही प्रती शेजारी ठेवून तिने बराच वेळ बघितलं. मग उठली आणि दारातल्या स्टँडवर उरलेल्या पुस्तिका उचलून आत घेऊन गेली. "आधी सांगितलं असतंस," एवढंच म्हणाली. पुस्तकांवर पाटी तुमच्या नावाची लागेल. लेखावर माझं नाव लागेल. तुमचं तुम्हाला, माझं मला. तुम्ही हयात असताना एवढंच मागितलं होतं.

इथवर लिहून झालं. संपादक काकू आहेत. त्यांना पोस्टाने पाठवणं मला जमेना. काल सकाळी मी पानं घेऊन स्वतः गेले.

काकूंनी चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं वाचलं. मध्ये गॅसवरचा चहा उतू गेला, त्या उठल्या नाहीत, मी बंद केला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "यातलं मला काही माहीत नव्हतं असं तुला वाटलं?"

मी उतू गेलेला चहा फडक्याने पुसायला घेतला.

"ते आभाराचं पान मीच टाइप केलंय. ह्यांनी सांगितलं, मी केलं. मी विचारलं होतं, अहो, लेख अनघाचा ना? तर म्हणाले, तू टाइप कर."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही, काकू?"

"त्रेचाळीस वर्षं मी टाइपच करत आले, बाई. ह्यांचे पेपर, ह्यांची भाषणं, ह्यांची पत्रं. त्यात किती वाक्यं माझी होती, ते आता मलाही सांगता येणार नाही." त्यांनी पानं जुळवून टेबलावर ठोकली, कडा एकसारख्या केल्या. "छापते. जसंच्या तसं."

मग ड्रॉवरमधून लाल पेन काढलं आणि परत शेवटून दुसऱ्या पानावर गेल्या.

काका, पुस्तिकेच्या त्या सगळ्या प्रकरणात तुमच्या बाजूचं मी एकच वाक्य लिहिलं होतं. त्या दिवशी पेन परत देताना तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, बहुतेक तुम्हाला लाज वाटत असावी, असं. काकूंनी त्यावर एक सरळ रेघ मारली.

"झटक्यानंतर ह्यांच्या डोळ्यांतून सारखंच पाणी यायचं," त्या म्हणाल्या. "लाज नव्हती ती. उगाच काहीतरी लिहू नकोस."

ते वाक्य मी काढलं आहे.